कर्णधाराला बाजूला सारणारा हात

१८ सप्टेंबर २०२२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ड्युरँड चषकाचा अंतिम सामना संपला. बंगळुरू एफसीने मुंबई सिटीचा २-१ असा पराभव केला होता. चषक स्वीकारण्यासाठी विजयी संघाचा कर्णधार सुनील छेत्री पुढे आला. शेजारी पश्चिम बंगालचे तत्कालीन राज्यपाल ला. गणेशन उभे होते. छायाचित्रकारांनी कॅमेरे रोखले, आणि राज्यपालांचा हात कर्णधाराच्या अंगावर पडला. तो हात कौतुकाचा नव्हता. कर्णधार छायाचित्राच्या आड येत होता, त्याला बाजूला सारण्यासाठी तो पुढे आला होता. ज्याने मैदानावर घाम गाळला तो किंचित मागे सरकला, आणि ज्याचा त्या विजयाशी काडीचाही संबंध नव्हता तो चौकटीच्या मध्यभागी आला. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. चार दिवस संताप व्यक्त झाला आणि पाचव्या दिवशी सारे विसरले गेले.

गणेशन २०२५ मध्ये निवर्तले. त्या एका व्यक्तीशी हिशेब मांडण्याचे प्रयोजन नाही. परंतु तो हात एका व्यक्तीचा नव्हता. गेली वीस वर्षे तोच हात वेगवेगळ्या रूपांनी भारतीय फुटबॉलच्या अंगावर पडत आला आहे. कधी तो राजकीय पुढाऱ्याचा असतो, कधी उद्योगपतीचा, कधी दूरचित्रवाणी कंपनीचा. खेळाडूने गोल करावा आणि छायाचित्र मालकाने काढून घ्यावे, हा या व्यवहाराचा नियम आहे. छेत्रीची आंतरराष्ट्रीय कारकीर्द ही या नियमाची सर्वांत लांब आणि सर्वांत वेदनादायक कहाणी होय. देशात आज तिचे जे स्तोत्र गायिले जाते, त्या स्तोत्राआड एका संपूर्ण व्यवस्थेची दिवाळखोरी झाकली जात आहे. ती उघड करणे हे खेळाडूच्या कर्तृत्वाचा अवमान नसून त्याचा खरा सन्मान आहे.

एका माणसाचा ताळेबंद

प्रथम कर्तृत्वाची नोंद घेतली पाहिजे. ३ ऑगस्ट १९८४ रोजी सिकंदराबादेत, सैन्यात नोकरी करणाऱ्या पित्याच्या पोटी छेत्रीचा जन्म झाला. वडिलांची बदली होईल तेथील शाळेत शिकत हा मुलगा वाढला. १२ जून २००५ रोजी क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध तो भारताकडून प्रथम खेळला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. दोन्ही देशांचे राज्यकर्ते परस्परांविरुद्ध विष पेरण्यात धन्यता मानतात, अशा काळात एका भारतीय तरुणाची कारकीर्द पाकिस्तानच्या भूमीवर सुरू व्हावी, हे आज मुद्दाम आठवण्याजोगे आहे.

१३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर ताजिकिस्तानविरुद्धच्या एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले. भारताने तो सामना ४-१ असा जिंकला आणि त्या विजयाने १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषक स्पर्धेचे दार उघडले. २०११ च्या त्या स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला. ऑस्ट्रेलियाने चार, बहरीनने पाच आणि दक्षिण कोरियाने चार गोल चढवले. भारताच्या तीन गोलांपैकी दोन छेत्रीचे होते. पुढे कर्णधारपद आले. दक्षिण आशियाई विजेतेपदे आली. जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, त्यातही दोन गोल त्याचेच. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली आणि २०२१ मध्ये खेलरत्न. ६ जून २०२४ रोजी सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर त्याने निरोप घेतला, तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामने आणि ९४ गोल होते. त्या वेळी खेळत असलेल्या खेळाडूंत आंतरराष्ट्रीय गोलांच्या यादीत रोनाल्डो आणि मेस्सी हे दोघेच त्याच्या पुढे होते.

येथेच स्तोत्रकार थांबतात. मेस्सी, रोनाल्डो आणि छेत्री अशी तीन नावे एका रांगेत छापली की राष्ट्राचा ऊर भरून येतो आणि पुढचे प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत. परंतु उरलेली दोन नावे ज्या देशांची आहेत ते देश विश्वचषक खेळतात. छेत्रीचा देश त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत विश्वचषकाच्या पात्रता फेरीच्या अंतिम टप्प्याच्या जवळपासही पोहोचला नाही. त्याचे पुष्कळसे गोल नेपाळ, मालदीव अशा शेजाऱ्यांविरुद्धचे आहेत, असे हिणवणारेही आहेत. त्यात खेळाडूचा दोष नाही. सामने कोणाशी खेळायचे हे खेळाडू ठरवीत नाही. समोर जो संघ उभा केला जाईल त्याच्यावर गोल करणे हे त्याचे काम, आणि ते त्याने एकोणीस वर्षे चोख बजावले.

देशाच्या दुबळेपणाची शिक्षा त्यानेच भोगली. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने त्याच्याशी करार केला होता. ब्रिटिश सरकारने काम करण्याचा परवाना नाकारला. कारण भारताचे जागतिक क्रमवारीतील स्थान पहिल्या सत्तरांत नव्हते. खेळाडू पात्र होता, त्याचा देश अपात्र ठरला! पुढे अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या संघात तो गेला, पण तेथे एकही लीग सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये दुय्यम संघात त्याची बोळवण झाली. मार्च २०१५ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत १७३ व्या स्थानी घसरला होता. ऐन उमेदीची वर्षे अशी गेली.

गिरणीचा संघ, मालकांची लीग

छेत्री ज्या भारतीय फुटबॉलमध्ये घडला ते फुटबॉल आज अस्तित्वात नाही. २००५ ते २००८ या काळात तो फगवाड्याच्या जेसीटी संघात होता. जेसीटी हा कापडगिरणीचा संघ. १९९६-९७ मधील पहिली राष्ट्रीय लीग याच संघाने जिंकली होती. २०११ मध्ये मालकांनी तो बंद केला. त्याआधी एक वर्ष मुंबईत महिंद्र युनायटेडला टाळे लागले होते. एके काळी मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, रेल्वे, एअर इंडिया यांचे संघ मुंबईच्या कूपरेज मैदानावर परस्परांशी झुंजत. १८९१ पासून खेळला जाणारा रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर थांबला. मुंबईतील गिरणी कामगारांचे जे झाले तेच त्यांच्या फुटबॉलचे झाले. धुराडी पाडून जागा विकल्या गेल्या. मैदानातील संघ तर विकण्याचीही गरज पडली नाही, ते नुसते मिटवून टाकण्यात आले.

या जुन्या व्यवस्थेचे मर्म एका शब्दात सांगायचे तर ते नोकरी हे होते. भारतीय फुटबॉलचा जो सुवर्णकाळ सांगितला जातो, त्यामागे हेच मर्म होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. १९६२ मध्ये जाकार्तात चुनी गोस्वामींच्या नेतृत्वाखाली दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून आशियाई सुवर्णपदक मिळाले. या संघांचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. हैदराबाद पोलिसांचा संघ त्यांनी घडवला. पी. के. बॅनर्जी पूर्व रेल्वेत नोकरीला होते आणि १९५८ मध्ये पूर्व रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. म्हाताऱ्या आईबापांची चिंता, पाय मोडल्यास उपासमारीची भीती, पस्तिशीनंतरचा अंधार या तिन्हींतून पोलीस, रेल्वे, बँका आणि गिरण्या यांनी खेळाडूला काही अंशी तरी सोडवले होते. गरीब घरातील मुलाने फुटबॉलला पाय लावावा असे त्याच्या बापाला वाटण्याइतपत आधार त्या नोकरीने दिला होता.

हा आधार काढून घेताना त्याच्या जागी काय आणले गेले? डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा करार केला. सातशे कोटी रुपयांच्या मोबदल्यात देशातील फुटबॉलचे व्यापारी हक्क एका भांडवलदार समूहाच्या स्वाधीन झाले. २०१४ मध्ये फ्रँचायझींची लीग सुरू झाली. चित्रपटतारे, क्रिकेटपटू आणि उद्योगपती मालकीच्या खुर्च्यांवर येऊन बसले. कारकीर्द संपत आलेले युरोपीय खेळाडू भरमसाट मोलाने आणले गेले. वर चढण्याचे आणि खाली उतरण्याचे तत्त्व, जे जगातील बहुतेक लीगांचा आत्मा असते, ते या लीगने प्रारंभी सरळ बाजूस सारले. पैसा भरेल तो आत, गुणवत्ता दाखवील तो बाहेर!

२०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल या लहानशा संघाने आय-लीग जिंकली. मोठा पुरस्कर्ता नाही, तारे नाहीत, डोंगरातील लोकांच्या प्रेमावर उभा असलेला संघ देशाचा विजेता ठरला. जगातील कोणत्याही सुसंस्कृत फुटबॉल व्यवस्थेत त्याला मानाचे पान मिळाले असते. येथे त्याला मालकांच्या लीगचे दार बंदच राहिले. त्याआधी २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या संघांनी याच अन्यायाविरुद्ध राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली होती. ज्या धेंपोने २००९-१० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, ज्याच्याकडून त्या मोसमात छेत्री खेळला, तो धेंपो क्लब पुढे काही वर्षे गोव्याच्या स्थानिक स्पर्धांपुरता उरला. ज्यांनी पन्नास वर्षे मुले घडवली ते दुय्यम ठरले आणि ज्यांनी धनादेश फाडले ते संस्थापक ठरले.

आघाडीची जागा कोणी रिकामी केली?

छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न देशातील क्रीडासमीक्षक दहा वर्षे विचारीत आहेत. जणू काही आघाडीचा खेळाडू हा पावसासारखा आभाळातून पडत असतो आणि यंदा पाऊस रुसला आहे! या प्रश्नाचे उत्तर नियमावलीत लिहिलेले होते. मालकांच्या लीगच्या पहिल्या मोसमांत अकरांपैकी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवण्याची मुभा होती. २०१७ मध्ये ती संख्या पाचवर आणि २०२१ मध्ये चारवर आली. ज्याला त्याच मोसमात विजय हवा असतो तो मालक गोल करण्याची जागा विकत आणलेल्या परदेशी खेळाडूला देतो. भारतीय मुलाला पाठीमागे किंवा कडेला उभे केले जाते. वर्षानुवर्षे हे चालल्यावर राष्ट्रीय संघाला गोल करणारा मिळत नाही म्हणून गळा काढणे हा शुद्ध दांभिकपणा आहे. २०२४-२५ च्या लीग मोसमात सर्वाधिक गोल करणारा भारतीय खेळाडू कोण होता? चाळिशीचा, राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेला सुनील छेत्री. त्याने चौदा गोल केले. स्तोत्रकारांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. वस्तुतः तो आकडा शोकप्रस्तावाचा होता.

राष्ट्रीय संघाविषयी या मालकांना किती आस्था आहे, हे सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या वेळी दिसले. लीगचा मोसम त्याच आठवड्यात सुरू व्हायचा होता म्हणून क्लबांनी खेळाडू सोडण्यास नकार दिला. कसाबसा संघ गोळा झाला. सामन्याच्या आदल्या दिवशी तो चीनमध्ये पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी यजमानांकडून १-५ असा चिरडला गेला. त्या थकलेल्या, विस्कळीत संघासोबत एकोणचाळीस वर्षांचा छेत्री होता. पुढच्या सामन्यात बांगलादेशविरुद्धचा एकमेव गोल त्याचा, म्यानमारविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच. राष्ट्रगीताच्या वेळी छातीवर हात ठेवून उभे राहणारे मालक त्या दिवशी आपापल्या लीगच्या उद्घाटनाच्या तयारीत होते. देशभक्ती ही खेळाडूच्या पायांकडून वसूल करायची गोष्ट आहे, मालकाच्या तिजोरीतून नव्हे, हा भांडवलशाहीचा जुनाच दंडक आहे.

त्यानंतरची घसरण भयानक आहे. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशियाई चषकात भारताने तिन्ही सामने गमावले आणि एकही गोल केला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या अफगाणिस्तानाने भारताला २-१ असे हरवले. भारताचा एकमेव गोल कर्णधाराचा. संपूर्ण २०२४ सालात राष्ट्रीय संघाला एकही विजय मिळाला नाही. त्याच वर्षी नेमलेला राष्ट्रीय प्रशिक्षक एका क्लबचाही प्रशिक्षक होता. एकशे चाळीस कोटींच्या देशाला आपल्या संघासाठी पूर्णवेळ प्रशिक्षक नेमण्याची गरज वाटू नये!

अखेर मार्च २०२५ मध्ये निवृत्तीला नऊ महिने होत असताना छेत्रीला पुन्हा बोलावण्यात आले. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने पंच्याण्णवावा गोल केला. वृत्तपत्रांनी त्याला राजाचे पुनरागमन म्हटले. खरे तर तो सेवानिवृत्त मजुराला पुन्हा पाळीवर बोलावण्याचा प्रकार होता, कारण मधल्या काळात कारखान्याने एकही शिकाऊ तयार केला नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे नमवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. त्या रात्री मैदानावर एक्केचाळीस वर्षांचा छेत्री होता. ज्या दाराला त्याने २००८ मध्ये धडक देऊन ते उघडले होते, तेच दार त्याच्या डोळ्यांदेखत मिटले.

खुर्चीचे राजकारण

या अधोगतीचे धनी केवळ भांडवलदार नाहीत. महासंघाच्या अध्यक्षपदी १९८८ पासून वीस वर्षे काँग्रेसचे प्रियरंजन दासमुन्शी होते. त्यानंतर राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल आले. त्यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, तरी निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करून कारभार प्रशासक समितीकडे द्यावा लागला. ऑगस्टमध्ये जागतिक महासंघाने भारताला निलंबित केले. ही नामुष्की अकरा दिवसांनी टळली. प्रशासक समितीच्या मसुद्यात छत्तीस नामांकित माजी खेळाडूंना मताधिकार द्यावा अशी तरतूद होती. जागतिक महासंघाच्या आक्षेपामुळे ती गळाली. निवडणूक राज्य संघटनांच्या मतांवर झाली. भारतीय जनता पक्षाचे कल्याण चौबे तेहतीस मतांनी निवडून आले. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायचुंग भुतियाला, छेत्रीच्या आधी एक तप राष्ट्रीय संघाची धुरा वाहिलेल्या खेळाडूला, एक मत मिळाले. फक्त एक!

झेंडे तीन, खुर्ची एक, आणि खुर्चीचा धर्मही एकच. गिरणीत जसा कामगाराला व्यवस्थापनात वाटा नाही, तसा मैदानावर खेळाडूला कारभारात वाटा नाही. त्याने खेळावे, जिंकावे आणि छायाचित्राच्या वेळी बाजूला सरावे.

छेत्रीने याविरुद्ध पुरेसा आवाज उठवला काय, असा प्रश्न कार्यकर्ते विचारू शकतात. तो ब्राझीलच्या सॉक्रेटिससारखा कर्णधार नव्हता, ज्याने लष्करी राजवटीच्या काळात आपल्या क्लबात लोकशाहीची चळवळ उभी केली. मात्र २८ मे २०२३ रोजी न्याय मागणाऱ्या महिला कुस्तीगीरांना दिल्लीच्या रस्त्यावरून पोलिसांनी फरफटत नेले, तेव्हा भले भले क्रीडासम्राट तोंडाला कुलूप लावून बसले होते. छेत्रीने त्या वागणुकीविरुद्ध जाहीरपणे लिहिले. एकटा खेळाडू याहून फार काही करू शकत नाही. जेथे संघटना नाही तेथे शूराचाही शब्द एकाकी पडतो, हे कामगार चळवळीला नव्याने शिकवण्याची गरज नाही.

खाजगी भांडवलाचा युक्तिवाद

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात की खाजगी भांडवल आल्यामुळेच खेळाडूंना चांगले पैसे मिळाले, मैदाने सुधारली, वैद्यकीय देखभाल आली, घराघरांत सामने दिसू लागले. यातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. छेत्री चाळिशीपर्यंत खेळू शकला यात आधुनिक प्रशिक्षणाचा निश्चितच वाटा आहे. जुन्या काळात सारे आलबेल होते असेही नाही. जाकार्तानंतरची घसरण उदारीकरणाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि सरकारी संघांतही लागेबांधे होतेच. १७३ व्या स्थानी गेलेला भारत २०१७ मध्ये ९६ व्या स्थानी आला, हेही खरे.

परंतु ही भरभराट कोणाच्या मर्जीवर उभी होती? जुलै २०२५ मध्ये रिलायन्सच्या संबंधित कंपनीने क्लबांना कळवले की कराराच्या नूतनीकरणाबाबत स्पष्टता नसल्याने पुढील मोसम स्थगित ठेवण्यात येत आहे. एका पत्राने देशाची अव्वल लीग थांबली. ऑगस्टमध्ये छेत्रीच्याच बंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये महासंघाने व्यापारी हक्कांसाठी निविदा काढली, तेव्हा एकही बोली आली नाही. पंधरा वर्षे ज्या भांडवलाला फुटबॉलचा तारणहार म्हणून ओवाळले, त्याने नफ्याचे गणित जुळेना म्हणताच हात झटकले. राष्ट्रीय संघाच्या क्रमवारीतील ते ९६ वे स्थानही २०२५ मध्ये १३० च्या पलीकडे घसरले होते. भाड्याने आणलेले वैभव भाडे थकताच परत जाते. जेसीटी गेली तेव्हा एक गिरणी गेली होती. या वेळी सबंध इमारतीचाच पाया हलला.

जानेवारी २०२६ च्या आरंभी छेत्री आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रफितीद्वारे जागतिक महासंघाला साकडे घातले की भारतीय फुटबॉल वाचवा. त्यानंतर काही दिवसांनी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी लीग फेब्रुवारीत सुरू होईल अशी घोषणा केली. ज्यांच्या पायांवर हा खेळ उभा आहे त्यांना स्वतःच्याच देशात दाद मागण्याची जागा उरली नव्हती!

अंधेरी आणि कोल्हापूर

याच कर्णधाराचे आणखी एक साकडे महाराष्ट्राला आठवत असेल. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले. छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक अडीच हजारांच्या आसपास होते. दुसऱ्या दिवशी कर्णधाराने चित्रफितीतून हात जोडले: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्यात, भर पावसात मैदान भरून गेले. स्तोत्रकारांना यात कर्णधाराची जादू दिसली. पण जादूचा असर उतरला की मैदान पुन्हा रिकामे होते. देशाच्या कर्णधाराला प्रेक्षकांपुढे पदर पसरावा लागला, हे भावुक होण्याचे नव्हे, मान खाली घालण्याचे निमित्त होते.

त्याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तेथील शाहू मैदानावर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने असतात तेव्हा कोणाला हात जोडावे लागत नाहीत. पेठापेठांतून माणसे लोटतात. क्वचित हुल्लडही होते, तिचे समर्थन नको. पण ती गर्दी कोणत्याही जाहिरात कंपनीने जमवलेली नसते. संघ पेठेचा असतो, खेळणारा शेजारच्या घरातला असतो, म्हणून लोक येतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्या घडणीत पुण्यातील सरकारी क्रीडाप्रबोधिनीचा वाटा होता. लोकांचा संघ आणि सार्वजनिक प्रशिक्षणसंस्था ही दोन साधने हाती असताना कोणत्याही धनिकाच्या कृपेवाचून मूल देशाच्या संघापर्यंत पोहोचते, याचा हा पुरावा आहे. दुसरा पुरावा भारतीय महिलांनी दिला. त्यांना ना अब्जाधीशांची लीग आहे, ना रोजचे प्रक्षेपण. रेल्वे, पोलीस आणि निमलष्करी दलांतील नोकऱ्यांनी त्यांचा खेळ तगवला. जुलै २०२५ मध्ये त्यांनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. पुरुषांच्या संघाला जे जमले नाही ते त्यांनी त्याच वर्षी करून दाखवले.

फुटबॉलसारख्या विषयात समाजवादी कार्यकर्त्याने शक्ती का वेचावी, असा आक्षेप चळवळीतच काही जण घेतात. भाकरीचा प्रश्न सुटला नसताना चेंडूचा विचार कशाला, असे ते म्हणतात. परंतु कामगारवस्तीतील मुलाला खेळायला मोकळी जागा असणे, त्याच्या अंगच्या कौशल्याला पोटाची हमी मिळणे, हाही भाकरीचाच प्रश्न आहे. ज्या जमातवादी टोळ्या आज त्या मुलाच्या हाती दगड देतात, त्यांना वस्तीतील मैदान नाहीसे झाल्याचाच लाभ होत असतो. मैदान ही श्रमिकांची जमीन आहे आणि तीही बळकावली जात आहे.

म्हणून छेत्रीच्या पुतळ्याची मागणी करण्याऐवजी चार गोष्टींसाठी लढा द्यावा लागेल. शहरातील आणि तालुक्यातील एकही सार्वजनिक मैदान विकासकाला, जिमखान्याला किंवा खाजगी अकादमीला देता कामा नये. रेल्वे, बँका, पोलीस आणि महामंडळे यांनी खेळाडूंची, विशेषतः मुलींची, कायम नोकरभरती पुन्हा सुरू केली पाहिजे. पेठेच्या संघापासून राष्ट्रीय लीगपर्यंत गुणवत्तेने चढता येईल अशी एकच खुली शिडी हवी. आणि महासंघाच्या कारभारात खेळाडूंना शोभेची नव्हे, निर्णायक मते हवीत. त्यासाठी खेळाडूंची लढाऊ संघटना हवी. यांतील कोणतीही मागणी आकाशातील चंद्राची नाही. पहिल्या मागणीसाठी तर प्रत्येक वॉर्डातील कार्यकर्त्याला उद्यापासून कामाला लागता येईल. आपल्या वस्तीतील मैदान कोणाच्या नावे आहे, त्यावरचे आरक्षण कायम आहे की उठवले गेले, याची नगरपालिकेत जाऊन चौकशी करावी आणि तो कागद वस्तीच्या सभेत वाचून दाखवावा.

पंच्याण्णव गोल करणारा माणूस एकदाच जन्मतो असे सांगून या देशाची समजूत काढली जाते. असे अनेक जन्मले असतील. त्यांना मैदान मिळाले नाही, संघ मिळाला नाही, नोकरी मिळाली नाही. एक सुटला म्हणून त्याची आरती करणे आणि जे अडकले त्यांना विसरणे हे राज्यकर्त्यांच्या सोयीचे आहे. तो हात पुन्हा पुढे येईल, कारण छायाचित्राची हाव त्याला सुटलेली नाही. तेव्हा कर्णधार एकटा असता कामा नये. त्याच्या पाठीशी संघटित खेळाडू आणि मैदानासाठी उठलेल्या वस्त्या उभ्या असतील, तर त्या दिवशी कर्णधाराला नव्हे, त्या हाताला मागे सरावे लागेल.